चौकट क्रमांक सतरा

विद्यापीठ घड्याळावर चालतं,
मी तिथीवर.
द्वितीयेला सुकती सातच्या सुमारास,
अष्टमीला भांग; पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
त्या दिवशी मी लायब्ररीत.

जिंतूरहून आले तेव्हा समुद्र म्हणजे
भूगोलाच्या पेपरातला निळा खडू.
आता गमबूट चिखलात रुतला तर
आधी टाच सोडवायची, मग चवडा,
एवढं तरी कळतं.

पाईपची चौकट, मीटर बाय मीटर.
खाडीत टाकायची, आत बोटं घालून चाळायचं,
तिसऱ्या मोजायच्या, मापायच्या,
जिवंत परत पुरायच्या.
अशा वीस चौकटी, महिन्यातून दोनदा.
नोंद पेन्सिलीनं. शाई इथं टिकत नाही,
फेलोशिपही पाच-पाच महिने येत नाही.

पहिलं वर्ष: तीन, एक, शून्य, शून्य, दोन.
सतरा नंबरला कायमचं शून्य.
रात्री वाळूचे पंप चालतात, हे अख्ख्या गावाला माहीत,
पण संदर्भ द्यायचा तर छापील काहीतरी लागतं.

जैनबी चाची माझ्याआधी पाण्यात.
ती तळपायांनी शोधते.
अंगठा थबकतो, ती वाकते,
तिसरी हातात.
"आज किती गो?"
"शून्य."
"च्च."
आणि पुढं सरकायची.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरल्यावर,
सतरामध्ये आठ.
मग चौदा. मग तेवीस.
मी तिथंच चिखलात बसले,
तीनदा मोजल्या.

कोतवडेकर मॅडम म्हणाल्या, घाई नको.
तोवर प्रसिद्धी विभागाला कुणकुण लागली होती.
पान पाच, निविदा सूचनेच्या शेजारी:
'खाडीत तिसऱ्या परतल्या!
विद्यार्थिनीचे मोलाचे संशोधन.'
प्रणोती घुगेची प्रगती घुगे झाली होती,
फोटो कालवांचा होता,
तरी पार्टनरनं कात्रण मेसच्या भिंतीवर डकवलं,
आमटीच्या पातेल्यावर, सगळ्यांना दिसेल असं.
बाबांचा फोन आला: "छान. पण हे खातात कशाशी?"

दुसरं कात्रण घेऊन चाचीकडे गेले.
तिनं ते लांब धरलं, जवळ धरलं.
"ही कालवां गो."
मग म्हणाली,
"सतरा म्हंजे ती त्या कोपऱ्यातली ना?
तिथं मीच टाकते बारकी बारकी.
तू शून्य लिवायचीस, तोंड एवढंसं व्हायचं.
म्हटलं, पोर नापास व्हायची."

मी काय बोलले आठवत नाही.
तिनं चहा ठेवला, एवढं आठवतं,
आणि त्यात साखर फार होती.

मॅडम आधी हसल्या. पुष्कळ हसल्या.
मग चष्मा पुसून म्हणाल्या, "सतरा बाद."
मी खोडरबर उचलला.
"खोडू नकोस. आडवी रेघ मार.
चूकसुद्धा वाचता आली पाहिजे."
मी दाराशी पोचले तेव्हा मागून:
"थांब. टाकलेल्या जगल्या का गं?"
"जगल्या. वाढल्यासुद्धा. चार मिलीमीटर."
"मग तो दुसरा विषय."

वर्तमानपत्राला खुलासा पाठवला.
त्या दिवशी पदवीदान समारंभ होता,
पानात जागा नव्हती.

नव्या प्रस्तावाचा फॉर्म टेबलावर आहे.
सहसंशोधक: नाव, पदवी, संस्था.
नाव लिहिलं.
पदवीच्या रकान्यात पेन्सिल थबकली आहे,
तिचा अंगठा थबकतो तशी.

आज तृतीया. चौकट अठरा.
"किती?"
"पाच."
चाची काहीच बोलत नाही.
"चाची, तू नाहीस ना टाकल्या?"
"अठरात? छे गो,"
म्हणते,
आणि पाटीवर फडकं ओढून घेते.